देव माझ्याकडेच राहिले

१७ नोव्हें., देवास
सकाळीच धारहून विद्याताईंचा फोन. घटस्फोटानंतर पहिलाच. शेखरची बहीण, तेव्हा आता वन्सं म्हणावं की नाही, या विचारातच अर्धं बोलणं गेलं. "शेखरनं घर घेतलंय. चंपाषष्ठीला देव हवेत. टाक आमच्या घराण्याचे आहेत, तुमचे नव्हेत."
शे. जाताना पुस्तकं, कपडे, स्कूटर, सगळं घेऊन गेला. चांदीचे टाक तेवढे देवघरात राहिले. खंडोबा, म्हाळसा, भवानी. रोज पूजा करते. नेत का नाहीस, असं त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर नेले असते.

२०
वकीलबाईंकडे. "लग्नात सासूबाईंनी तुमच्याच हातात दिले ना? सबके सामने? मग ते स्त्रीधन. नवराही मागू शकत नाही."
आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन नुसती बसले. त्याची म्हणून एवढी एकच वस्तू घरात होती. तीही माझीच निघाली.

२३
विद्याताईंना काही कळवलं नाही. त्यालाच फोन केला. "कायद्यानं माझे आहेत," म्हटलं.
"ठाऊक आहे. आईनं तुलाच दिले होते. विद्याला मी नव्हतं सांगितलं मागायला."
 मग मीच म्हटलं, "षष्ठीला घेऊन येते."

२६, चंपाषष्ठी
इंदूरला बस बदलून धार. शेजारचा म्हणाला, "थैली ऊपर रख दो, दीदी." मांडीवरच ठेवली. शे. स्टँडवर उभा. केस पिकलेत. वांग्याचं भरीत त्यानंच केलेलं, जरा खारट. रोडगे विद्याताईंचे. आरतीला आम्ही तिघंच. निघताना विद्याताई हळूच म्हणाल्या, "परत नेणार का गं?" गं म्हणाल्या. शे. ताटाकडे बघत राहिला.
नाही आणले. का, ते…

२७
सकाळी ताम्हण घेऊन देवघरापुढे बसले. माहेरची अन्नपूर्णा एकटीच.
तेवढ्यात त्याचा फोन. "टाकांना रोज पाणी चालतं का? तू कसं करतेस?"
सगळं सांगितलं. कोमट पाणी, मऊ फडकं, गंध कुठल्या बोटानं. मधे न बोलता ऐकत होता. मुंजीपासून लग्नापर्यंत त्या देवांची पूजा त्यानंच केली आहे.
"उद्या पुन्हा सांगशील?"
हो म्हटलं.