आईनेच सही करावी

२८ ऑगस्ट, सोमवार

वर्गाची यादी मिळाली. पहिली ‘अ’, तेवीस मुलं. सतराव्या क्रमांकावर बेर्मेत. माझी बेर्मेत!

माझी कुठली म्हणा. दाखल्यावर आईच्या नावापुढे सासूबाईंचं नाव आहे. सात वर्षांपूर्वी मीच खाली सही करून दिलीय. पहिलं मूल सासू-सासऱ्यांचं – रीतच आहे म्हणे! चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाणी घालून पोरीची आंघोळ झाली, बायका जेवल्या, सासूबाईंनी तिला दुलईत गुंडाळलं आणि चार घरं पलीकडे घेऊन गेल्या. ‘तुझं शिक्षण होऊ दे निवांत,’ म्हणाल्या. मी मान डोलावली. वीस वर्षांची होते. त्या रात्री ढाराढूर झोपलेसुद्धा. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

त्यानंतर दुसरं झालंच नाही. बेर्मेत त्यांना आपा म्हणते, म्हणजे आई. मला वहिनी. आणि तिलेकला, सख्ख्या बापाला – दादा!

मुख्याध्यापक म्हणाले, “घरचीच पोर वर्गात, बरंच झालं की.” नाव दुसऱ्या तुकडीत घाला म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण म्हटलं नाही. रोज चार तास समोर बसेल. तेवढं तरी!

३० ऑगस्ट, बुधवार

‘पालकांकडून अपेक्षा’ हे पत्रक लिहून काढलं. मुलं वेळेवर पाठवा. नखं कापा. वर्गात फोन नको. मूल आजारी असेल तर आठच्या आत ग्रुपवर कळवा, आणि खरं कारण कळवा. अशी सहा कलमं. मग सातवं – ‘दर शुक्रवारी मुलाच्या वहीवर आईनेच सही करावी. सभेलाही आईनेच यावे.’

‘आईनेच’खाली दोन रेघा मारल्या. कुणासाठी ते मला ठाऊक.

तिलेकनं वाचलं. “हे कशाला उकरून काढतेस?”

“शाळेचं काम आहे. तू चहा पी.”

१ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेचा पहिला दिवस, पहिली घंटा झाली. पोरींच्या डोक्यावर फ्लॉवरच्या गड्ड्याएवढे पांढऱ्या रिबिनीचे फुलोरे, बेर्मेतचा सगळ्यांत मोठा. सासूबाई कशात मागे राहतील तर ना!

बेर्मेतनं मला फुलं दिली. “वहिनी, घ्या.”

“शाळेत वहिनी नाही. बाई म्हणायचं.”

“बरं, बाई.” लगेच पटलं तिला. एका दिवसात वहिनीची बाई झाले. बढतीच म्हणायची!

८ सप्टेंबर, शुक्रवार

पालकसभा. अशी फजिती आयुष्यात झाली नव्हती.

तेवीस मुलांच्या पाच आया आल्या. बाकी सगळ्या आज्या. येणार कुठून आया? निम्म्या मॉस्कोत आहेत – कुणी झाडू मारते, कुणी हॉटेलात राबते. साऱ्या गावाला माहीत आहे, मलाही आहे. पण ते कलम लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एकच म्हातारी होती. उमसुनाय आजी भर सभेत उभ्या राहिल्या. “बाई, माझी सून तिकडे लोकांची भांडी घासते. सहीला विमानानं बोलावून घेऊ का तिला?” सगळे हसले. आजींचे डोळे मात्र भरले होते. नातू शेजारी बसून बूट बघत होता. माझं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग हजेरी. आयांची नावं वाचायची होती. सोळापर्यंत नीट गेलं. सतरावर अडकले. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. लग्न झाल्यापासून एकदाही तोंडातून निघालेलं नाही. इथेसुद्धा लिहवत नाही – हातच वळत नाही. आणि ही अक्कल मला यादी मिळाली तेव्हा सुचली नाही!

सासूबाई पहिल्याच बाकावर, पांढरा रुमाल बांधून. “वाचा की बाई. थांबलात का?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी म्हटलं, “नंबर सतरा.”

त्या सावकाश उभ्या राहिल्या. “हजर. आई हजर आहे!” मग पुढे येऊन माझंच पेन मागून घेतलं आणि सातव्या कलमाखाली सही ठोकली. “आईनेच केली हो. नीट बघून घ्या.”

संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं – ‘घरातील कोणत्याही मोठ्या माणसाची सही चालेल.’ पहिला अंगठा सासूबाईंचा आला.

११ सप्टेंबर

उमसुनाय आजींच्या घरी जाऊन माफी मागून आले. त्यांनी चहा पाजला. म्हणाल्या, “तुझं दुखणं मला कळतं गं. पण दुसऱ्याच्या पोरांवर कशाला काढतेस?”

२० सप्टेंबर, बुधवार

बेर्मेत फळ्यावरचं उतरवत नाही, शेजारणीच्या वहीतलं उतरवते. मला वाटलं आळशीपणा. आज ओरडले – “फळ्याकडे बघ!” ती घाबरून बघायला लागली, पण फळ्याच्या भलत्याच कोपऱ्याकडे. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत तिला खिडकीशी नेलं. “त्या झाडावर काय बसलंय?”

“काही बसलंय? नुसतं हिरवं दिसतंय.”

समोरचा पॉपलर! एवढा उंच, आणि त्यावर चार कावळे ओरडत होते. पोरीला एकही दिसत नाही. चार घरं सोडून राहते मी. दर रविवारी तिच्या हातात चहाची वाटी देते. सात वर्षं कळलं नाही मला. आणि आई म्हणवून घ्यायला निघाले!

तिला पहिल्या बाकावर बसवलं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

तिच्या वहीत रीतसर लिहिलं – ‘बेर्मेतला लांबचे दिसत नाही. कृपया नारीन शहरात नेऊन डोळे तपासून घ्यावेत.’

उत्तर वहीत नाही. उत्तर ग्रुपवर, सासूबाईंच्या आवाजात, सगळ्या गावासमोर! “माझ्या पोरीची नजर गरुडाची आहे. बाईंनी अक्षरं जरा मोठी काढावीत. आणि तिला पुढे बसवून आंधळी-आंधळी म्हणून मिरवू नये.” खाली हसरे चेहरे. नऊ.

मी लिहिलं, ‘नोंद घेतली. धन्यवाद.’

धन्यवाद!

२४ सप्टेंबर, रविवार

सासूबाईंकडे चहा. शाळेत मी बाई, तिथे सून. समोवारापाशी, चहाच्या भल्यामोठ्या भांड्यापाशी बसून, मान खाली घालून वाट्या भरायच्या. तरी आज तोंड उघडलं. “आपा, तिच्या डोळ्यांचं खरंच बघायला हवं.”

“चष्मा? पोरीच्या नाकावर? उद्या मागणी कोण घालेल?”

“सात वर्षांची आहे ती.”

“आणि तू वीस वर्षांची होतीस. तेव्हा तुला काय कळत होतं गं?”

बेर्मेत त्यांच्या मांडीला टेकून तळलेले बोरसोक खात होती. तिलेक पावाला लोणी लावत बसला होता, जसं काही लोणी लावायची परीक्षाच आहे.

परतताना त्याच्यावर तोंड सोडलं. “आईसमोर एक शब्द निघाला नाही तुझ्या तोंडून!”

“मी काय बोलणार? पोर त्यांची आहे.”

“मग तू कोण तिचा?”

मग मीच म्हटलं, “दादा!”

५ ऑक्टोबर, गुरुवार

खेळाच्या तासाला चेंडू थेट बेर्मेतच्या तोंडावर बसला. येताना दिसलाच नाही तिला. नाकातून रक्त. मांडीवर घेऊन बसले, ओला रुमाल धरला. दहा मिनिटं. कुणी काही म्हणू शकत नव्हतं, बाईंचं कामच आहे ते! तिच्या केसांना सासूबाईंच्या घराचा वास – धूर आणि दूध. रक्त थांबल्यावर म्हणाली, “आपाला बोलवा ना.”

बोलावलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

शाळेच्या कागदावर लिहिलं – ‘शनिवारी नारीन येथे वाचनस्पर्धा आहे. आपल्या पाल्याची निवड झाली आहे.’ खाली सही. कपाटातून शिक्का काढला, मारला.

जिला फळा दिसत नाही तिची वाचनस्पर्धेला निवड! पालकांना खरं कारण कळवा म्हणून सांगणारी मीच. लाज वाटली का? थोडी. डोळे गेल्यावर वाटण्यापेक्षा बरी.

ग्रुपवर सासूबाईंचा आवाज, आनंदानं फुटलेला. “माझी बेर्मेत! साऱ्या वर्गातून एकटी!” आज कुणी हसलं नाही. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

सासूबाईंनी तिला इस्त्रीचा फ्रॉक घालून पाठवलं होतं. सोबत पाव, लोणी, उकडलेली अंडी. पोर निघाली तशी मला म्हणाल्या, “सांभाळून न्या हो बाई.” कधी नव्हे ते गोड आवाजात.

गाडीत बेर्मेत अख्खा वेळ कविता घोकत होती. स्पर्धेसाठी! मी खिडकीबाहेर बघत राहिले. नारीनला पोचल्यावर सांगितलं, “स्पर्धा रद्द झाली. आलोच आहोत तर डोळे दाखवून घेऊ.” तिचा चेहरा पडला.

डॉक्टरीणबाईंनी नाव लिहिलं. मान वर न करता विचारलं, “आई ना तुम्ही?”

“हो.”

निघून गेलं तोंडातून. मग परत म्हटलं, नीट. “हो, आई मीच.”

बेर्मेत उंच स्टुलावर बसली होती, नाकावर तपासणीची जड चौकट. वाटलं, आता म्हणेल – ही तर वहिनी. पाय हलवत होती ते थांबले फक्त.

दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेतीन. डॉक्टरीणबाई माझ्यावर उखडल्या. “इतकी वर्षं झोपला होतात का? कसल्या आया तुम्ही!” मी खाली मान घालून ऐकून घेतलं. आणि – लिहितेच आता – बरं वाटलं मला. कुणीतरी मला आई समजून झापलं म्हणून. पोरीचे डोळे साडेतीन आणि मला बरं वाटतंय! कसली बाई आहे मी!

दोन तासांत चष्मा मिळाला. तोवर मटण भरलेले सामसे खाल्ले. बाहेर आलो तर ती रस्त्यात उभीच राहिली. “बाई, डोंगराला खाचा आहेत!” मग दुकानांच्या पाट्या वाचत सुटली. पहिलीची पोर, अर्ध्या चुकत होत्या, पण थांबेना.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. पण परतीच्या गाडीत अनोळखी बायका होत्या. सोमवारी शाळा सुटल्यावर सांगेन. ठरलं! आई कोण ते तिला कळलं की ती आपल्या पायांनी येईल. मग सासूबाई कसली सही आणतात तेही बघू.

फाटकात सासूबाई उभ्या होत्या. चष्मा बघितला. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. तिचा हात धरून आत घेऊन गेल्या. मी वाकून नमस्कार केला तो बंद दाराला.

१५ ऑक्टोबर, रविवार

ग्रुप गप्प. चहाचंही बोलावणं नाही.

खोलीत खिडकीखालची जागा झाडून काढली. तिथे तिची खाट येईल. उजेडही चांगला, अभ्यासाला बरं. तिलेक दारातून बघत होता. मला वाटलं काहीतरी अडवाअडवी करेल. त्यानं मुकाट्यानं तिथली पेटी उचलली आणि दुसऱ्या भिंतीला नेऊन लावली. त्याच्या पाठीवर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी.

उद्या काय बोलायचं ते दहा वेळा म्हणून बघितलं. दर वेळी पहिल्याच वाक्याला रडू येतं.

१६ ऑक्टोबर, सोमवार

सांगितलं. वर्ग रिकामा होता. रडले नाही.

बेर्मेत दप्तराचा बंद लावत होती. म्हणाली, “मला माहितीये.” आपानं उन्हाळ्यातच सांगितलं तिला, शाळा सुरू व्हायच्या आधी. तिचे सगळे कपडे गाठोड्यात बांधले आणि विचारलं – ती तुझी आई आहे, तिच्याकडे राहायचंय का? हो म्हण, आत्ताच्या आत्ता सोडून येते.

“मी नको म्हटलं. आपा म्हणाली, हे वहिनीला कधी कळू द्यायचं नाही, तिला फार लागेल.” चष्मा नाकावर वर सरकवला. “बाई, जाऊ मी? आपा फाटकाशी उभीये. मला इथूनसुद्धा दिसतेय.”

जा म्हटलं.