करवंद रंगाची डबी

अहो,

सकाळची भांडी घासून झाली होती, दूध तापवून निवत ठेवलं होतं आणि मी फरशी पुसायला बसले होते. तुम्ही ओट्याजवळ उभे राहून चहात खारी बुडवत होता. तुमच्या टेबलाखाली ओला फडका फिरवला, तर फडक्यामागून फरशी जांभळी होत आली. झाडताना तिथं काहीसुद्धा दिसलं नव्हतं. पुन्हा पुसलं तर जांभळ्यातून निळं निघालं. मी फडका बघितला, हात बघितले, मग तुमच्याकडे बघितलं. तुमची खारी विरघळून कपात पडली होती. तुम्ही म्हणालात, "थांब, पसरवू नकोस. छान आलाय."

छान आलाय म्हणे! फरशी मी पुसायची आणि छान तुम्ही म्हणायचं.

ती सकाळ सारखी आठवतेय, म्हणून लिहायला बसले. शुभांगीचं लग्न झालं. एखाद्या लग्नाला तुम्ही यायचं टाळलंत, तर घरी आल्यावर मी तुम्हाला सगळं सांगायची. जेवणात काय होतं, कोण रुसलं, कुणाची पैठणी कुणी नेसली होती. तुम्ही कागद कापता कापता हूं हूं करायचात. तुमच्या सख्ख्या भाचीच्या लग्नाचं आता मी कुणाला सांगू? खरं तर फार दमले आहे. पण सांगितल्याशिवाय हे लग्न संपल्यासारखं वाटत नाही.

तुमचा तो नाद कधीपासूनचा, आठवतंय? चिक्कीचे खोके छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालात आणि आठवड्याभरात घरात येरझाऱ्या घालायला लागलात. मग प्रेसमधून पुठ्ठ्याची कात्रणं आणायला लागलात. त्यांची घरं, बैल, देवळं. तुंगार्लीच्या बंगल्यातल्या त्या चित्रकार बाईंना तुम्ही कागदाच्या पेट्या करून दिल्या होत्या. त्या परदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी पत्र्याचा एक डबा तुमच्या हातात ठेवला. आत इवल्या इवल्या डब्या, त्यात जलरंगांची कोरडी पूड.

डब्यांवरची नावं इंग्रजीत. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्या सोडवून आणि वाचनालयातली पुस्तकं आणून माझं मी शिकले. एकेक अक्षर लावून मी ती नावं वाचून दाखवली. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ही नावं आपल्याला कशाला? मग तुम्हीच नावं ठेवलीत. करवंद, शेवाळ, शेणसडा, पिकलं पान. मी ती चिकटपट्टीवर लिहून डब्यांना लावली. अजून तशीच आहेत.

करवंदाची डबी तुमची लाडकी. डबीत बघावं तर काळीभोर राख. ओल्या कागदावर चिमूटभर झटकली की आधी गुलाबी फुटायचं, मग जांभळं, कडेला निळं. झाकण उघडायचं नाही, टाचणीनं एकच भोक पाडायचं, त्यातून डबीवर टिचकी मारायची. इस्त्रीच्या बाटलीनं फवारा मारायचा. जास्त पाणी झालं की सगळ्याचा चिखल. कमी झालं की नुसते तिळासारखे ठिपके. मेणबत्ती घासली तिथं रंग धरत नाही, जाडं मीठ टाकलं तर मीठ रंग ओढून घेतं. तुम्ही टेबलाशी आणि मी शेजारी पाटावर पुस्तक मोठ्यानं वाचत. मध्येच हात वर करून थांबवायचात. मला वाटायचं गोष्टीत काही आवडलं. बघते तर कागदावर रंग फुटत असायचा.

आणि तो श्रावणातला शुक्रवार! हिरा टाकव्याहून मुद्दाम आली होती. तुमची धाकटी बहीण, आल्या घरात पदर खोचून कामाला लागणारी. मी आत दूध गाळत होते. देवघरापाशी उजेड चांगला म्हणून तुम्ही वाटीत लाल पूड काढून ठेवलेली. हिरानं ती कुंकू म्हणून उचलली आणि आलेल्या सगळ्या बायकांना लावली, स्वतःलाही लावली. बाहेर झिमझिम, हवा अशी ओली की पापड हातात वाकेल. फुटाणे वाटून होईपर्यंत सगळ्यांची कपाळं फुलायला लागली. कुणाच्या भुवईत गुलाबी, कुणाच्या नाकावर जांभळं. हिरा आरशासमोर उभी राहून ओरडली होती, "दादा, माजं कपाळ म्हंजी तुजा कागद हाय व्हय?" तुम्ही मात्र तिच्या कपाळाकडे टक लावून बघत होता. हा लाल असा फुटतो हे तुम्हाला त्या दिवशीच कळलं.

त्याच हिराच्या मुलीला तुम्ही शब्द दिला होता. आपल्याला मूल नाही, त्यामुळे शुभांगी तुमच्याच खांद्यावर वाढली. तिच्या रुखवतात मांडायला तुम्ही टाकव्याचं घर करायला घेतलंत. चिक्कीच्या पुठ्ठ्याचे थर एकापुढे एक. पुढे भाताची खाचरं, मग पत्र्याचं घर, गोठा, मागे डोंगर. खाचरांचे बांध माझ्या जुन्या साडीच्या काठाचे. राहिलं होतं फक्त आकाश. ते मात्र तुमच्या मनासारखं उतरेना. केलेलं आकाश वाळलं की हातात धरून बघायचात आणि गादीखाली सरकवायचात. एक तरी पसंत करायचं होतं ना? कार्तिकात तुम्ही गेलात आणि मी गादी उचलली, तर खाली आकाशंच आकाशं.

त्यातलं एखादं लावता आलं असतं, हे मलाही सुचलं होतं. पण तुम्ही नको म्हटलेलं मी तुमच्या नावावर कसं खपवू?

चैत्रात हिराचा फोन आला. "वैनी, तुमी कशापायी दमता आता? रुकवत तळेगावात तयार भेटतंय, भाड्यानं. तुमी नका हात लावू." शेवटचं वाक्य तिनं हळू म्हटलं. मला कळायचं ते कळलं. विधवेचा हात रुखवताला नको, असं तिच्या घरात कुणीतरी म्हटलं असणार. मी बरं म्हटलं. भांडायला अंगात जोर लागतो, तो माझ्यापाशी नव्हता. फोन ठेवला आणि तुमच्या टेबलावर चादर घातली.

संध्याकाळी शुभांगीचा फोन. बँकेतून सुटून सोमाटण्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघत उभी होती, मागून गाड्यांचा आवाज. म्हणाली, "मामी, भाड्याचं मांडलं तर मी त्याच्याकडे बघणार पण नाही. मामाचं घर आणा. जसं असेल तसं."

जसं असेल तसं म्हणजे आकाशाविना. मागे उघडा पुठ्ठा, त्यावर चिक्कीच्या खोक्याची छपाई. असं तुमचं काम मी चारचौघांत मांडू? लोक म्हणाले असते, मामाचं अर्धंच राहिलं. ते मला ऐकवलं नसतं. म्हणून मी चादर काढली.

डब्या उघडल्या तर पूड दमट होऊन घट्ट बसलेली. लोणावळ्याची हवा, झाकणाचं भोक उघडं राहिलं की झालं. केसांच्या आकड्यानं खरवडून मोकळी केली. पहिला कागद चिखल. दुसरा चिखल. तिसऱ्याला ठिपके. मी शेजारी बसून इतकी वर्षं बघत होते, पण बोटांना काही ठाऊक नव्हतं. चिडून तुमच्या फोटोकडे पाठ करून बसले. मध्ये बरेच दिवस हातही लावला नाही. पाठ दुखते, डोळे चुरचुरतात, आणि कुणी विचारतही नाही की झालं का.

हळद दोन दिवसांवर आली. दुपारी मी मैद्याची खळ शिजवली. खळ आंबायच्या आत वापरायला हवी म्हणून कोरा कागदच आधी डोंगरामागे चिकटवून टाकला. तुम्ही असं कधी केलं नसतं. तुम्ही आकाश वेगळं भिजवायचात, वेगळं वाळवायचात, मग लावायचात. पण मला वाटलं, आता जे होईल ते होवो. बाटली उचलली, फवारा मारला, करवंदाच्या डबीवर टिचकी मारली.

आकाश आलं. तुमच्यासारखं नाही, पण आलं. वर जांभळं, खाली उतरत फिकट गुलाबी. आणि मी बाटली खाली ठेवतेय तोवर डोंगरावर काहीतरी उमटायला लागलं. फवारा तिथंही उडाला होता. मला वाटलं, संपलं, एवढं केलेलं वाया गेलं. फडका घेऊन टिपायला वाकले.

तो अंगठा होता. तुमचा. प्रेसच्या कटिंग मशीननं कापलं होतं तिथली तिरकी रेघ मधोमध कोरी, दोन्ही बाजूंना बारीक रेषा, जांभळ्या. कधीतरी डोंगर नीट बसतोय का बघायला तुम्ही कोरड्या हातानं दाबला असेल, बोटाला पूड असेल. कोरडी होती तोवर त्या गडद पुठ्ठ्यावर कुणाला दिसणार? कार्तिकापासून ती तिथंच पाण्याची वाट बघत होती.

फडका माझ्या हातातच राहिला. तुम्हाला सांगू? रडू आलं नाही. थोड्या वेळानं मनात आलं ते टेबलाखालच्या फरशीचं. तुम्ही गेल्यापासून तिथं मी फक्त झाडू फिरवत होते. ओला फडका तिथपर्यंत न्यायची आणि मागे घ्यायची. स्वतःलाही कारण सांगितलं नव्हतं. ते त्या दुपारी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरा आली, पानाबरोबर द्यायची चिक्की घ्यायला बाजारात आलेली. टेबलापाशी थांबली. आकाश बघितलं, घर बघितलं, गोठ्यातली आपली म्हैस ओळखली. मग डोंगरावर बोट ठेवून म्हणाली, डाग पडलाय, यावर एक झाड चिकटवा की. मी म्हटलं, "हिरा, तो दादाचा अंगठा आहे."

तिनं पर्समधून चष्मा काढला. वाकून इतकं जवळून बघितलं की मला वाटलं नाक लागेल. मग सरळ होत म्हणाली, "गेला तरी सांडायचं सुटलं न्हाई दादाचं." आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन तिथंच खुर्चीवर बसली, तुमच्या.

ती निघाली तेव्हा मी ते तिच्याबरोबर द्यायला गुंडाळायला लागले, तर तिनं हात धरला. म्हणाली, "म्या न्हेत न्हाई. तुमी घेऊन या, आन् तुमीच मांडा." मी विचारलं, घरातले? ती म्हणाली, घरातल्यांचं ती बघेल.

तर मी नेलं. टाकव्याच्या गाडीत मांडीवर धरून नेलं, शेजारच्या बाईला अंग चोरायला लावून. रुखवताच्या टेबलावर मधोमध मांडलं, एका बाजूला शेवेचे लाडू, दुसऱ्या बाजूला साखरेची तुळस. हिराची जाऊ तोंड वळवून उभी राहिली, तेवढं काय, चालायचंच. एका मुलानं विचारलं, डोंगरावर ढग खाली आलाय का? मी हो म्हटलं. वरातीला निघायच्या आधी शुभांगी नऊवारी सावरत टेबलाशी आली. हिरानं तिला आधीच सांगितलं असावं, कारण तिनं काही विचारलं नाही. आपला अंगठा त्या अंगठ्याजवळ नेला, पण टेकवला नाही. म्हणाली, "माझ्या हाताला घाम आहे मामी, पुसलं जाईल."

जेवणात मसालेभात होता, इंद्रायणीचा. थोडा गिचका झाला होता. पैठणी कुणाची कुणी नेसली, ते मात्र या वेळी बघायचं राहून गेलं.

आता काय, घर तेच आहे. संध्याकाळी वाचायला बसते, पण मोठ्यानं नाही, मनातल्या मनात. मध्येच हात वर करून थांबवणारं कुणी नाही, त्यामुळे पुस्तकं लवकर संपतात. दमायला होतं, का ते कळत नाही. तुम्हाला तिकडे असं होतं का हो?

एक कबूल करते. या डब्या मी कपाटात देवासारख्या ठेवणार नाही. करवंद संपत आलंय, ते संपू देईन. गादीखालची तुमची आकाशं काढून त्यांच्यापुढे माझी घरं लावून बघीन, एखादं तरी तुम्हाला पसंत पडेलच. झाकणाला भोक एकच पाडीन. आणि ते चालू असताना पुन्हा मोठ्यानं वाचीन, ऐकणारं कुणी असो वा नसो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी टाकव्याहून घरी आले. दूध तापवलं, निवत ठेवलं आणि टेबलाखालची फरशी ओल्या फडक्यानं पुसली. आधी जांभळं आलं, मग निळं. थोडा वेळ बघितलं. मग पाणी बदलून पुन्हा पुसली.

तुमची,
सुमन