घराची, हत्यारांची आणि कुत्र्यामांजरांची वाटणी

मी येसाजी धोंडू उतेकर, वय छप्पन्न, धंदा पाण्याच्या मोटारींचे रिवाइंडिंग, राहणार मधली कोंड ही वाडी, तालुका पोलादपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. कोंडीतल्या काही लोकांचे याबाबत वेगळे मत आहे, पण ते माझ्या कुत्र्यांवरून आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. ज्यांनी आजवर करून पाहिली त्यांना ती जमलेली नाही.

येत्या सोमवारी मुंबईला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही कारण नाही. जळलेली मोटार उघडण्याआधी मीही गिऱ्हाइकाला हेच सांगतो, म्हणून हे लिहितो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पोलादपूरचे वकील मसुदा करून देणार होते. त्यांनी विचारले, जंगम मालमत्ता काय काय? मी म्हटले, बरीचशी भुंकते. ते म्हणाले, "दादा, ते तुम्हीच लिहा."

कलम १. राहते जांभ्याचे घर, मागची पडवी आणि परसातली नारळाची झाडे माझी पत्नी सौ. जानकी हिला पूर्ण मालकीने द्यावीत. न्हाणीघराचा उतार गवंड्याने उलटा काढला होता, तो मी फोडून स्वतः काढला आहे. पुढेमागे कोणी फरशी बदलली तर पाणी ओतून उतार तपासल्याशिवाय मजुरी देऊ नये.

कलम २. पोस्टातली व बँकेतली ठेव जानकीला.

कलम ३. वाइंडिंग मशीन, इन्सुलेशन तपासायचा मेगर, मीटर आणि हत्यारांची लोखंडी पेटी माझी मुलगी सौ. तेजश्री हिला. लहानपणी ती माझ्याजवळ बसून कॉइलचे फेरे मोजायची आणि मी चुकलो की तोंडावर सांगायची. जावई भला माणूस आहे, पण त्याने पेटीला हात लावू नये. त्याने एकदा मेगर दवात ठेवला होता. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तेजश्रीनेच करावी.

कलम ४. शेजारी हैबती सकपाळ यांनी नेलेली शिडी परत मागू नये. पाच वर्षे मी तिच्यावरून त्यांच्याशी बोललो नाही. शिडी नेली तेव्हाच तिची एक पायरी मोडकी होती, हे मला ठाऊक होते.

कलम ५. कुत्री व मांजरे.

वरची कलमे लिहून झाल्यावर मी ती जानकीला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घर मला दिलंत. मग ही सगळी पण मलाच दिलीत म्हणायची?"

मी म्हटले, घराबरोबर ती आलीच.

"मला विचारलंत कधी?"

विचारले नव्हते. पहिले पिल्लू महाबळेश्वरच्या घाटातून शर्टात घालून आणले तेव्हाही विचारले नव्हते. पुढे माझे नाव झाले. मुंबईकडचे लोक मे महिन्यात पोरांना खेळायला पिल्लू धरतात आणि जाताना ओसरीवर सोडून जातात. मांजरीची पिल्ले पोत्यात भरून नदीपलीकडे टाकतात. अशी सगळी माझ्या फाटकाशी येऊ लागली. लोक मला येसाजीदादा कुत्रेवाले म्हणून मान देऊ लागले. मी पुस्तके आणून खरूज, जंत, गोचिडी यांचे सगळे शिकून घेतले आणि त्यावर बोलू लागलो. मासळीची डोकी घालून भाताचा मोठा टोप मात्र जानकीच रांधते. तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. ती जमिनीवरच्या चुलीपासून भिंतीला धरून उठते ते मी रोज पाहतो, आणि तरी विचारणाऱ्याला सांगतो की एवढी जनावरे मी सांभाळतो.

जानकी पुढे म्हणाली, "मागायला लोकं आली तवा तुम्ही एकाला दिलंत नाय. आता मेल्यावर माझ्या गळ्यात."

हे खरे आहे. कोणी कुत्रा मागायला आला की मी त्याचे घर पाहायला जात असे. कुंपण, पाण्याचे भांडे, दुपारी घरात कोण असते, सगळे तपासत असे. कोंडीत म्हणत, पोरीचं स्थळ बघताना येसाजी एवढा फिरला नव्हता. एकही घर मला पसंत पडले नाही. मी याला शिस्त म्हणत आलो. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाच्या अंगणात शिकलीसवरलेली माणसे हात जोडून उभी राहत, आणि मी पायरी न उतरता नाही म्हणत असे. ते मला गोड लागत होते. हे तेजश्रीलाही माहीत आहे आणि कोंडीलाही. मी लिहिले नाही तरी काही फरक पडणार नाही, पण मृत्युपत्रात खोटी शिस्त नको.

म्हणून जनावरे पुढीलप्रमाणे द्यावीत. ज्यांना मी परत पाठवले त्यांनाच, त्यांची इच्छा अजून असेल तर.

(अ) वार्निश नावाचा तपकिरी कुत्रा, महाडच्या शिक्षिका सौ. सुनीती यांना. त्या आपल्या मुलीला, श्रियाला, घेऊन आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर राहतात म्हटल्यावर मी विचारले, कुत्रा काय लिफ्टने फिरायला जाणार? त्या म्हणाल्या, "दादा, एकवीसच्या पुरानंतर आम्ही वर राहायला गेलो. खालच्या घरात आमचा कुत्रा साखळीला होता. आम्हाला पोचता आलं नाही." त्यावर कोणीही माणूस गप्प बसला असता. मी त्यांना जनावर साखळीला का बांधू नये हे उदाहरणे देऊन समजावून सांगितले. मुलीचा हात धरून रिक्षात बसल्या. वार्निश साखळीचा आवाज ऐकला तरी मुततो. उभ्या महाडात त्याच्यासाठी याहून चांगले घर नव्हते, आणि ते मी परत पाठवले.

(ब) कुकी नावाची लॅब्राडोर कुत्री, माझा धाकटा भाऊ विनीत याची मुलगी कु. दिशा हिला. विनीत गणपतीला मुंबईहून आला तेव्हा हिला हवापालटासाठी म्हणून ठेवून गेला आणि फोन बंद केला. पुढच्या मे महिन्यात बापलेक न्यायला आले. मी म्हटले, टाकलेले परत मिळत नसते. विनीत अंगणात उभा राहून म्हणाला, "दादा, चूक झाली ना यार. पोरगी रोज विचारते. दे ना." मी कुकीला मागच्या खोलीत कोंडले. ती दार खरवडत होती, आणि मी बाहेर भूतदयेवर बोलत होतो. दिशा मध्येच म्हणाली, "काका, ती रडतेय." मी म्हटले, सवय होईल. झालेली नाही. फाटकाशी कोणतीही पांढरी गाडी थांबली की कुकी आधी जाते. सामाईक विहिरीच्या पंपाबाबत विनीतशी माझे भांडण कायम आहे. त्याचा कुत्रीशी संबंध लावू नये.

(क) काजळ नावाची मांजर, शेजारच्या श्रीमती बयाबाई सकपाळ यांना. यांना कमी दिसते आणि या मांजराला तिखट कालवण घालतील म्हणून मी नकार दिला होता. त्या चार माणसांत म्हणाल्या, "आरं येसू, तुझी आय आजारी व्हती तवा माझ्या हातचं खाऊन तू वाढलास. मांजर नाय वाढायचं?" सगळे हसले. मी मोटारीचे काम आहे म्हणून आत गेलो. काम नव्हते.

(ड) उरलेली म्हातारी, आंधळी, तीन पायांची. ती कोणी मागितलीच नाहीत. ती जानकीकडे राहावीत, पण तिची तयारी असेल तरच. तिला विचारले. तिचे उत्तर तिच्या शब्दांत लिहितो: "बघू. आधी चूल ओट्यावर घ्या."

कलम ६. माझ्या तेराव्याची पंगत उठल्यावर उरलेला शिरा कुत्र्यांना घालू नये. त्यांची पोटे बिघडतात.

कलम ७. येथे मृत्युपत्र संपणार होते. परंतु (क) ऐकवावे म्हणून आज सकाळी बयाबाईंना बोलावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजे तू मेल्यावर मला मांजर?"

मी म्हटले, हो काकी.

"माझं वय काय, तुझं काय? मी आधी जानार. मंग मांजर मसनात पाठवशील?"

जानकीने पदर तोंडाला लावला. मी म्हटले, कायद्यात त्याचीही तरतूद करता येते.

"तरतूद ऱ्हाऊ दे रे. माझ्या दारात येऊन मांजर घे म्हनायची तुला लाज वाटते, म्हनून कागदात घातलंस. मेल्यावर कोन तुला काय बोलनार हाय?"

मी कागद घडी करून ठेवला. छप्पन्न वर्षांत माझे कोणी इतके नेमके निदान केलेले नाही. पूर्ण कलम ५ मी याचसाठी लिहिले होते, की या माणसांसमोर उभे राहायची वेळ माझ्यावर येऊ नये. ते तेजश्रीने करावे, माझ्या माघारी.

बयाबाई घरी गेल्यावर मी काजळला उचलून त्यांच्या दारात गेलो. बाहेरच उभा राहिलो. म्हटले, "काकी, मांजर घ्याल का?"

"घर बघायचं नाय तुला? बघ की. कालवण कुठं ठेवते ते बघ."

म्हटले, नाही काकी.

"बघ रे, उगाच मागनं बोलशील."

काजळ हातातून उतरून आत गेली. चपला उंबऱ्याबाहेर काढून मीही आत गेलो. काकींनी चहा ठेवला. मी कशाकडेही पाहिले नाही.

सबब कलम ५ (क) रद्द समजावे.

(अ) बाबत: उद्या पहिल्या एसटीने महाडला जात आहे. वार्निशला बरोबर नेणार नाही. आधी माफी मागायची आहे, आणि कुत्रा पाहून मुलीला नाही म्हणता येणार नाही. सौ. सुनीती नाही म्हणाल्या तर त्यांना कारण विचारू नये. (ब) बाबत: विनीतला फोन केला, त्याने उचलला नाही. पुन्हा करीन. त्याने तो किती वेळा उचलला नाही याची मी तक्रार करणार नाही. सोमवारपर्यंत यातले जे राहील तेवढ्यापुरतीच ही दोन पोटकलमे चालू राहतील.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मान्य करून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

(सही) येसाजी धोंडू उतेकर

साक्षीदार १: (सही) हैबती रामजी सकपाळ, मधली कोंड. सही मागताना यांच्याशी पाच वर्षांनी बोललो आणि शिडी तोंडीच देऊन टाकली, म्हणून कलम ४ही रद्द.

साक्षीदार २: (डाव्या हाताचा अंगठा) श्रीमती बयाबाई गोविंद सकपाळ, मधली कोंड. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले आहे. यांना या कागदाने आता काहीही मिळत नाही.

ठिकाण: मधली कोंड, ता. पोलादपूर, जि. रायगड.
दिनांक: ९ जानेवारी २०२५, गुरुवार.