एलिस व्हिटफील्ड यांचे भांडे

मी, झिग्मुंट पावलित्स्की, वय एक्याऐंशी, निवृत्त शिक्षक (सुतारकाम), राहणार मिलवॉकी शहर, दक्षिण भाग, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. कोणी धमकावलेले नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. लाडीगोडी लावायला घरात कोणी उरलेलेही नाही. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. व्यवस्थापक म्हणून वकील मायली थाओ यांना नेमतो. त्यांनी मला सांगितले, की कलमे थोडक्यात लिहा. ते जमलेले नाही.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे वरचा मजला आणि निम्मे जमिनीखाली असलेले खालचे बिऱ्हाड, हे खाली बारा वर्षे राहणाऱ्या रोसाउरा आणि एफ्राइन मोंतेस या दांपत्यास द्यावे. माझ्या आजोबांनी पोलंडहून आल्यावर हे घर जॅक लावून वर उचलले आणि खाली बिऱ्हाड काढून भाडेकरू ठेवले. आमच्या लोकांनी या गल्लीत अशीच घरे केली. खाली राहणारा नेहमी आपल्यानंतर आलेला असतो, आणि वरच्याला त्याच्या स्वयंपाकाचा वास सहन होत नाही. माझ्या आजीला स्लोव्हाकांच्या लसणाचा त्रास व्हायचा. मला रोसाउराच्या भाजलेल्या मिरच्यांचा पहिली दोन वर्षे झाला. आता वास आला नाही तर मी जिन्यावर जाऊन ऐकतो, सगळे बरे आहे ना म्हणून.

पुतण्या रेमंड याने गेल्या ईस्टरला मला सांगितले, "काका, कोणालाही द्या, पण घर आपल्यात ठेवा." आपल्यात म्हणजे कोणात, हे त्याने सांगितले नाही. तो स्वतः तीस मैलांवर राहतो आणि वर्षातून एकदा हॅम घेऊन येतो. त्याला मासेमारीचे सर्व गळ आणि आजोबांचा बाजा द्यावा. बाजा वाजवता येत नसला तरी द्यावा. आपलेपणाचा त्याला एवढा उमाळा आहे, तर शिकेल.

कलम २. रंधे, पटाशा, करवती आणि कामाचे टेबल आमच्या वस्तीतील ज्या शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले, तिला द्यावे. तिथे सुतारकाम बंद झाले आहे. पुन्हा सुरू होईपर्यंत हत्यारांना दर हिवाळ्यात तेल लावावे. मुले कोणाचीही असोत, डावखुऱ्या मुलाला डाव्या हातानेच रंधा मारू द्यावा. एवढीच अट.

कलम ३. माझ्या कपाटात पत्रकांचा एक गठ्ठा आहे. तो शहराच्या वाचनालयाला द्यावा, आणि नोंद करताना लेखक म्हणून माझे नाव घालावे. पत्रकावर ते नाही. १९७५ साली शहरातील शाळांचा खटला चालू होता. काळ्या वस्त्यांतील मुले आमच्या शाळांत येतील, आमची त्यांच्याकडे जातील, असा निकाल लागेल अशी धास्ती होती. चर्चच्या सभागृहात समिती निघाली. नगरसेवकपदासाठी उभे राहिलेले लेनर्ड दुदेक समितीचे पुढारी, आणि लिहिता हात माझा. मी लिहिले: आम्ही कोणाच्याही विरुद्ध नाही. आमची मुले आमच्या वस्तीत शिकावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

फार सभ्य वाक्य होते. दुदेक त्यावर निवडून आले. ज्यांना दगड मारायचे होते, त्यांनी ते खिशात पत्रक ठेवून मारले.

या वसंतात, मी शिकवले त्याच शाळेत पालकांची सभा झाली. बर्मामधून आलेल्या निर्वासितांची साठ मुले शाळेत येणार होती. एफ्राइन उठला. चांगला माणूस आहे. माझ्या दारापुढचे बर्फ न सांगता काढतो. तो म्हणाला, "आम्ही कोणाच्या विरोधात नाही. पण आमच्या मुलांना आधीच जागा पुरत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. हे वाक्य कोणाचे आहे, ते मी उठून सांगायला हवे होते. उठलो नाही. घरी येऊन हा कागद लिहायला घेतला. घर तरीही एफ्राइनलाच मिळावे. त्याच्यावर रागवायचा हक्क इतर कोणालाही असेल, मला नाही.

कलम ४. निळ्या काठाचे पांढरे ताट. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, पहिली चांदणी दिसली की आमच्याकडे जेवायला बसतात, आणि एक ताट जास्तीचे मांडतात. रस्ता चुकलेला कोणी दारी आला तर त्याच्यासाठी. माझ्या उभ्या आयुष्यात त्या ताटावर कोणी बसलेले मी पाहिले नाही.

शाळेत गणिताला एलिस व्हिटफील्ड होते. सबंध शाळेत एकच कृष्णवर्णीय शिक्षक. नऊ वर्षे आम्ही दुपारचा डबा माझ्या कामाच्या टेबलावर एकत्र खाल्ला. भुसा त्याच्या सँडविचवर उडायचा आणि तो म्हणायचा, "तुझ्या बायकोपेक्षा तूच जास्त मसाला घालतोस." दर डिसेंबरात मी त्याला त्या ताटाचे सांगायचो आणि म्हणायचो, ये की एकदा, जागा रिकामीच असते. आमच्यात असे म्हणतात. म्हटल्यावर कोणी यायचे नसते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

१९७५ च्या त्या संध्याकाळी त्याची बायको आजारी आईकडे मेम्फिसला गेली होती. तो एकटा होता, म्हणून आला. चर्चला जायचा कोट, हातात रताळ्याची गोड पाई, पत्र्याच्या भांड्यात भाजलेली, वर फडके. दार मी उघडले. माझ्या मागे टेबलाभोवती आई, माझी बायको लुत्सिना, भाऊ, त्याची मंडळी, आणि पाहुणे म्हणून दुदेक सपत्नीक. पत्रके बाजूच्या फळीवर.

मी म्हणालो, "एलिस, आज जरा... घरचीच माणसं आहेत."

तो म्हणाला, "कळलं." भांडे त्याने कठड्यावर ठेवले आणि पायऱ्या उतरला. बर्फ होते, म्हणून सावकाश उतरला. मी तेवढा वेळही उभा राहिलो नाही. दार लावले.

आईने विचारले, कोण होते. मी म्हणालो, "कुणीतरी रस्ता चुकला होता."

आई म्हणाली, "अरे, मग आत का नाही घेतलंस? ताट कशाला मांडलंय?"

दुदेक हसले, म्हणून सगळे हसले. लुत्सिना हसली नाही. तिने खिडकीतून पाहिले होते. आईने त्याला खरेच आत घेतले असते की नाही, हे मला आजवर कळलेले नाही. मी तिला तशी संधीच दिली नाही.

सुट्टीनंतर एलिस मला रोज "गुड मॉर्निंग" म्हणत असे आणि आपल्या वर्गात एकटा जेवत असे. जूनमध्ये त्याने बदली मागून घेतली. लुत्सिना त्यानंतर छत्तीस वर्षे दर नाताळला ते ताट मांडत राहिली, त्याविषयी एक शब्द न बोलता. ती गेल्यापासून मी दोन ताटे मांडतो. माझे कोणते आणि पाहुण्याचे कोणते, हे आता बसेपर्यंत ठरलेले नसते.

ताट रोसाउराला द्यावे. कसलीही अट नाही. तिने त्यात मिरच्या वाळवल्या तरी चालेल.

कलम ५. ते पत्र्याचे भांडे लुत्सिनाने दुसऱ्या दिवशी घासून ओट्याखाली ठेवले. अजून तिथेच आहे. मी ते एलिस व्हिटफील्ड यांना मृत्युपत्राने द्यायचे ठरवले होते. थाओबाई म्हणाल्या, "सर, जे तुमचं नाही ते तुम्हाला मागे ठेवून जाता येत नाही. ते जिवंतपणी परत करायचं असतं." या बाईंची फी जास्त आहे, ती का, ते मला त्या दिवशी कळले.

एलिस उत्तर भागात राहतो. एक बस बदलावी लागते. माझ्या मृत्यूनंतर भांडे ओट्याखाली सापडले, तर मी गेलो नाही, दुसऱ्यांदाही माझी छाती झाली नाही, असे समजावे. मग ते एफ्राइनने पोचवावे, आणि ते आमच्या घरी कसे राहिले, ते एलिसलाच विचारून घ्यावे.

कलम ६. अंत्यविधीला भाषण नको. मला लुत्सिनाच्या शेजारी पुरावे.

ज्याला काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. माझ्याकडून काही घेणे नसलेली दोन माणसे शोधायला तीन आठवडे लागले. ओळखीचे बहुतेक जण कबरस्तानात आहेत. शेवटी या दोघांनी कृपा केली. त्यांच्यादेखत, पूर्ण वाचून, सही केली:

झिग्मुंट पावलित्स्की

साक्षीदार: डोरीन हकाबी, वाचनालय सेविका
साक्षीदार: आल्फोन्सो सेपेदा, न्हावी

मिलवॉकी, विस्कॉन्सिन, ११ डिसेंबर २०१४

पुरवणी. कलम ५ मधील सूचना रद्द समजावी. भांडे आता या घरात नाही. दार एलिसनेच उघडले. मला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला, भांडे ओळखायला लागला नाही. त्याने ते दोन्ही हातांनी घेतले. आत ये म्हणाला नाही, आणि मी थांबलो नाही. बर्फ होते, म्हणून सावकाश उतरलो. कोपऱ्यावर बसथांब्यापाशी पोचून मागे पाहिले. दार अजून उघडे होते आणि तो त्यात उभा होता.

सही: झि. पावलित्स्की. साक्षीदार वरीलप्रमाणे, पुन्हा तसदी दिली.
मिलवॉकी, २६ डिसेंबर २०१४