तुझ्या कानामागचं घड्याळ

१९ फेब्रुवारी, दुपार
दुकानातून

चि. धाकट्या,

ताईचा आशीर्वाद. तो तू मागितलेला नाहीस, पण मोठ्या बहिणीला त्यावाचून पत्र सुरू करता येत नाही. पुढे ‘इकडे सर्व क्षेम’ असं लिहायची पद्धत आहे. ते वाक्य मी तूर्त राखून ठेवते.

आधी बातम्या. माझ्या संस्कृतच्या वर्गात यंदा मोजक्याच मुली आहेत, त्यातल्या निम्म्या खिडकीजवळ जागा मिळते म्हणून येतात. मांजर व्याली, तीही तुझ्या जुन्या स्टुलाखालच्या खोक्यात. आणि दुकानाला रंग दिला. कुठला देऊ विचारलं, तर बाबा म्हणाले, “पांढरा. चष्म्याच्या दुकानात भिंतीने मध्ये मध्ये बोलू नये.”

गेल्या वर्षी आई गेल्यावर तू आलास आणि चहा न घेता निघून गेलास, त्यावर मी आजवर एक अक्षर लिहिलं नाही. आजही रंगाऱ्यापासूनच सुरुवात करते.

बाबा दुकानात यायच्या आत त्याने भिंतीवरचं सगळं उतरवलं होतं. आरसा, घड्याळ, अक्षरांचा तक्ता. तेवढ्यात एक बाई नंबर तपासायला आल्या. बाबांनी त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि म्हणाले, “वाचा.”

“काय वाचू?”

“खालची ओळ दिसत नसेल तर वरची वाचा.”

“अहो, नुसती भिंत आहे!”

“बाई, मला या वयात इथून शेवटची ओळ दिसते,” असं म्हणून बाबांनी ती घडाघडा म्हणूनही दाखवली. रंगारी शिडीवरून हसला. मीही हसले, म्हटलं, म्हातारा रंगात आलाय. मग बाबा उठले, तक्त्याकडे हात लांबवून गेले, आणि त्यांची बोटं ओल्या रंगात टेकली. बराच वेळ ते बोटांकडे बघत राहिले. खरं तर बोटांच्या जरा शेजारी. बाईंना म्हणाले, “उद्या या.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथेही गेल्या खेपेला बाबांनी तक्ता पाठच म्हणून दाखवला होता असं आता उघड झालं. तक्ते एकाच छापाचे आणि बाबांची जन्मभराची संथा. असा विद्यार्थी माझ्या वर्गात असता तर मी त्याला बक्षीस दिलं असतं.

तुला आठवतं? आपण लहान असताना बाबांनी दुकानात अंधार करून, दाराच्या फटीसमोर भिंग धरलं होतं, आणि मागच्या कोऱ्या कागदावर सगळा रस्ता उलटा उतरला होता. सायकलवाला डोकं खाली करून चालला होता, आणि तू ओरडलास, “बाबा, पडेल तो!” बाबा म्हणाले, “भिंगाचा धंदा एवढाच रे. एका ठिपक्यातून निघालेले किरण फाकत जातात. भिंग त्यांना वळवून पुन्हा एका ठिपक्यात आणतं. असे सगळे ठिपके जमले की चित्र.” कॅमेऱ्यात भिंग पुढेमागे सरकतं, डोळ्यातलं जागच्या जागी फुगतं. सूक्ष्मदर्शकात एक भिंग नळीच्या आत मोठं चित्र मांडतं आणि दुसऱ्यातून आपण ते चित्र बघतो. दुर्बिणीतही तसंच, फक्त चित्र लांबच्या वस्तूचं. “पण काहीही बनवा,” बाबा म्हणाले, “शेवटी सगळं डोळ्याच्या मागच्या कागदावरच येऊन पडायचं.”

बाबांचा तो कागद मधोमध विरला आहे. भिंग उत्तम आहे, मोतिबिंदूच्या वेळी बसवलेलं. हे ऐकून ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “म्हणजे भिंगाची तक्रार नाही ना? मग धंद्याची बदनामी टळली.” त्या जागेला पीतबिंदू म्हणतात. इतका देखणा समास, एरवी मी वर्गात हौसेने सोडवला असता. जिथे नजर लावावी नेमका तिथे करडा डाग, आणि कडेचं तेवढं दिसतं. गेलेलं परत येत नाही आणि डाग पसरतो आहे. पुढच्या वर्षी कडेनेही माणसाचा चेहरा ओळखू येईल, असं बाईंनी म्हटलं नाही.

आता घड्याळाचं.

आई गेल्यावर आलास त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी तू मला म्हणालास, “ताई, मी दुकानात समोर उभा होतो आणि बाबा घड्याळ बघत होते. मी कधी टळतो म्हणून. ज्यांना माझं तोंड बघायचं नाही त्यांच्या दारात मी परत येणार नाही.” दुकान सोडून तू मोबाईलच्या कॅमेऱ्यांच्या कारखान्यात गेलास, तो राग त्यांनी अजून धरलाय, असं मलाही वाटलं.

परवा मागच्या खोलीत बाबा तुझा फोटो हातात धरून कॅलेंडरकडे बघत बसले होते. मी म्हटलं, “फोटो हातात आणि नजर कॅलेंडरवर? मुहूर्त काढताय की काय कुणाचा?”

“सरळ बघितलं की तो जातो,” ते म्हणाले. “जरा बाजूला बघितलं की येतो.”

मी विचारलं, “मग तो आला होता तेव्हा?”

“तेव्हा त्याच्या कानामागच्या घड्याळावर नजर ठेवली होती. छान दिसला. वाळलाय. दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं होतं त्याने.”

ते कापलेलं मला दिसलं नव्हतं, धाकट्या. तुला आठवत असेल.

“मग बोलला का नाहीत त्याच्याशी?”

“बघत होतो ना,” बाबा म्हणाले. “बोलेपर्यंत गेला.”

रंग वाळला. घड्याळ मी त्याच खिळ्यावर पुन्हा लावलं आहे. लवकर ये. आलास की त्याच्यापुढे उभा राहा, चहाचा कप हातात घे आणि सावकाश पी. बाबा तुझ्याकडे बघणार नाहीत. तू हलू नकोस.

सुरुवातीचं ते वाक्य अजून राखून ठेवलेलंच आहे.

दाराकडे सरळ बघत बसलेली,
तुझी ताई