खाडीवरची हाक

दि. ४ फेब्रुवारी २०२६
वाडीवरून, ता. पोलादपूर

चि. अनुपमा हीस,

तुझ्या सासूचा, प्रयागबाईचा, पोटभर आशीर्वाद. इकडे ओवी नि मी दोघी बऱ्या. गाय व्यायली, पाडी झाली. तुझी खुशाली कळव असं लिहायची पद्धत हाय, पण तुझी खुशाली कशी असेल ते मला म्हाईत हाय, म्हणून विचारत नाय.

पत्र बघून घाबरू नको. फोन असताना म्हातारीला पत्र कशाला सुचलं म्हणशील. फोनवर बोलताना तुझी पोर माझ्या कानाला कान लावून बसते, नि हे तिला ऐकू जायचं नाय. ती शाळेत गेली की मी लिहायला बसते. ती यायच्या आत कागद तांदळाच्या डब्यात. दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी, जोडाक्षरं मला नडतात. सावरून वाच.

आधी कामाचं. परवा तू फोनवर म्हणालीस, 'आई, खाडीवर हाकेला ओ आली असेल तर मी मुकुलना नाही म्हणून सांगते.' एवढंच म्हणालीस नि फोन ठेवलास. सांगू नको गो. सांगितलं असशील तर परत जाऊन सांग, की माझी सासू म्हातारी हाय, तिने घोळ घातला. पण पत्र शेवटपर्यंत वाच, मधलं गाळू नको.

मानसीने तुला फोन करून काय नि किती सांगितलं देव जाणे. जानकीबाईची सून ती. सासूच्या तोंडून राई निघते, सून तिचा पर्वत करून पुढे देते. म्हणून मी पहिल्यापासून सांगते.

तू घाटावरची. माणूस पुराने नेला नि हाती लागला नाय, तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, हे तुमच्याकडे पण हाय. दिवाळीत तू तेच म्हणालीस, 'आई, विधी करून घेऊ, भटजींना विचारलंय मी.' पण आमच्या वाडीत त्याच्या आधी एक हाय. आईने पाण्याच्या काठाला उभं राहून नावाने हाक मारायची. तीनदा. ओ आली तर माणूस हाय, विधी करायचा नाय. ओ आली नाय तरच पळस तोडायला जायचं. हे मी तुला तेव्हा सांगितलं, नि वर हेही सांगितलं, की हाक मी मारणार नाय. सरकारने दत्ताराम पुरात गेल्याचा दाखला कधीच दिला. पण सरकार काय त्याची आई हाय?

तू वाद घातला नायस. फोनमधला मुकुलचा फोटो दाखवलास, तू कामाला हायस त्या पनवेलच्या दवाखान्यात रक्त तपासतात ते, बायको गेलेली. 'ओवीसकट लग्न करू म्हणतात, आई,' म्हणालीस. मी न बघितल्यासारखं केलं. बघितला होता गो. कान मोठे हायत. मोठ्या कानाचा पुरुष बायकोचं ऐकून घेतो.

तर सहलीचं. ओवीच्या वल्लरी मॅडमनी डोक्यात घेतलं, की यंदा मुलांनी आपापल्या आज्यांना घेऊन यायचं. दासगावच्या खाली खाडीवर लाकडाची नवी वाट केलीय, तिवरांच्या मधून थेट चिखलापर्यंत. तिथे पक्षी बघायचे. मी म्हटलं, पक्षी बघायला एसटीने कशाला जायला पायजे, माझ्या घरामागच्या परड्यात काय कमी हायत? पण ओवीने टोपी घालून तयार होऊन दाखवलं. 'सगळ्यांच्या आज्या येणार हायत, आजी.' मग काय करतेस? पुरापासून मी पाण्याच्या काठाला गेले नव्हते. एसटीत मी दोन्ही गुडघे हातांनी धरून बसले. जानकीबाई नातवाबरोबर आलेली, तिला वाटलं माझे गुडघे दुखतात. महाड सुटल्यावर म्हणाली, 'सवच्या झऱ्याला उतरू या गो. दोघी गरम पाण्यात पाय सोडून बसू. पोरं बघतील काय ते कावळे.'

वाट म्हंजे नुसत्या फळ्या. खाली खांब, दोन्ही अंगांना कठडा. फटीतून चिखल दिसतो. मला वाटलेलं, चिखल म्हंजे आपल्या भाताच्या खाचरातला. तसा नाय. हा जिता हाय. त्याला बुडबुडे येतात. चिंबोऱ्या नांग्या वर करून बसल्यात, निवटे मासे चिखलावर टुणटुण उड्या मारतायत. निवटे बघून जानकीबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. 'कालवण काय होईल गो!' मी मान फिरवली. पुरापासून खाडीचं मी खात नाय. ह्या पाण्यात काय काय गेलं ते मला म्हाईत हाय.

मॅडम हळूच म्हणाल्या, 'आजी, इथे मोठ्याने बोलायचं नाही हं. पक्षी उडून जातात.'

मी म्हटलं, 'मग जानकीबाईला कशाला आणलीत?'

मॅडम हसल्या नि आपल्याच तोंडावर हात ठेवला.

दुर्बीण लावली तर आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग ओवीने चाक फिरवलं, नि अगो बाय, केवढा तो पक्षी! लाल काठ्यांसारखे पाय, अंग पांढरं, पंख काळे. शेकाट्या म्हणतात त्याला. जानकीबाई कुजबुजली, 'आमची नणंद नव्या चपला घालून अशीच चालते.' बारके ते चिखल्या. धावतात नि थांबतात, धावतात नि थांबतात, काय तरी ठेवून विसरल्यासारखे. ओवीला सगळ्यांची नावं पाठ. कुठला कुठून येतो ते पण. पाचवीतली पोर गो! दुसऱ्यांच्या आज्यांना पण तीच दाखवत होती, 'तिकडे नाय, त्या मोडक्या फांदीच्या डावीकडे.' मला एवढा आनंद झाला, की तिथेच तिची दृष्ट काढावीशी वाटली. पाण्याच्या काठाला उभी हाय हे मी विसरूनच गेले होते.

मग वाटेच्या टोकाला आलो. मॅडमनी वर बोट दाखवलं. एका तिवराच्या शेंड्याला चिंध्या अडकलेल्या. प्लास्टिक, साडीची एक पट्टी, कसलं तरी पोतं. 'मुलांनो, पुराचं पाणी इथपर्यंत आलं होतं.'

मुलं आ करून बघायला लागली. मी पण बघितलं.

मी मनात पाणी धरून होते ते छातीएवढं. दत्ताराम कंपनीतली पाळी संपवून निघाला, त्याची गाडी सापडली, तो नाय सापडला. मी म्हणायचे, पोहणारा पोरगा, छातीएवढ्या पाण्यातून कुठे तरी लागला असेल काठाला. डोक्याला मार बसला असेल, नाव विसरला असेल. ती साडीची पट्टी माझ्या डोक्याच्या वर दोन पुरुष उंच होती. वाऱ्याने हलत होती.

मी ठरवून केलं नाय. तोंडून निघालं.

'दत्तारामाऽऽ!'

खाडीवरचे सगळे पक्षी एकदम उठले. चादर टराटरा फाडावी तसा आवाज. मॅडम 'आजी, अहो!' म्हणाल्या. पोरं हसली नि मग माझं तोंड बघून मॅडमच्या मागे सरकली. मी दुसरी मारली. तिसरी मारली. मग थांबले. ते थांबणं तुला कसं सांगू, तुला बाळंतपण ठाऊक हाय, तसं.

नि ओ आली.

बारकी, लांबून आल्यासारखी. 'ओ!' जानकीबाईने तिथेच फळ्यांवर बसकण मारली नि खाडीला हात जोडले. आम्ही वाडीत पोचायच्या आधी बातमी पोचलेली. माणसं दारात उभी. एक म्हणतो, चिपळूणला असाच एक जण बघितला होता. दुसरा म्हणतो, देवाला कौल लावू, कुठल्या दिशेला शोधायचं ते कळेल. आनंदीबाईने माझी ओटी भरली. मी साखर वाटली. आल्या-गेल्याच्या हातावर ठेवली, पोरांना दोनदा दिली. मी हसत होते, अनुपमा. खोटं खोटं नाय, खरंच हसत होते. तुझ्या सासूला असं हसताना तू कधी बघितलं नायस.

आता जे गाळू नको म्हटलं ते.

हाक मारताना ओवीचा हात माझ्या हातात होता. ओ आली तेव्हा तो हात हलला.

माझा डावा कान गेलाय, हात गेलेले नाय. मला तिथेच कळलं. कळून साखर वाटली. दोन दिवस माझा पोरगा जिता होता, तेवढ्यात कोणी काय विचारलं नाय, मी काय सांगितलं नाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिची वेणी घालत होते. पोर पाठमोरी असली की बोलते.

'आजी, ओ कुठून आली गो?'

'तू सांग.'

मग म्हणाली, 'मी नसते बोलले तर तुम्ही पानांचा बाबा करून जाळला असता. मग आई त्या काकांकडे गेली असती. मला पण न्हेलं असतं. मग तुझ्या हाकेला ओ कोण देणार होतं?'

मी वेणी घातली. वाकडी झाली म्हणून सोडली नि परत घातली.

'चुकलं का गो माझं?'

'शाळेला उशीर होतोय,' मी म्हटलं. खरं सांगते, तेव्हा मनात असं पण आलं, की राहू दे. पोर स्वतःच राहते म्हणते. वाडीला पटलंय. मी ओवीला इथे आणायला गेले नव्हते, मग सोडायला कशाला जाऊ? असे चार-आठ दिवस काढले. मग तुझा फोन आला, मुकुलना नाही म्हणून सांगते म्हणालीस, तुझा आवाज असा आला जसा विहिरीतून. त्या रात्री मला जेवण गेलं नाय.

काल मी परत गेले. एकटी. ओवीला सांगितलं, महाडला डोळे दाखवून येते.

फळ्यांवर कोण नव्हतं. भरती होती. चिखल नाय, पक्षी नाय, पाणी फळ्यांना लागायला आलेलं. ह्या खेपेला माझ्या हातात कोणाचा हात नव्हता, कठडा होता. हाका नीट मारल्या. बापाच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तशा. पाण्याला काय वाटलं नाय. उडायला पाखरू पण नव्हतं.

मी म्हटलं, घाई नको. हा पोरगा लहानपणापासून सावकाश ओ देणारा. थांबले. ओहोटी लागली. चिखल कडेकडेने उघडा पडत गेला. मग ते चिखल्या आले, मागून शेकाटे आले, चोची खुपसून खायला लागले. माझ्यासमोर खात होते गो. मी सगळं बघितलं. मान फिरवली नाय. कोणी ओ दिली नाय.

तर आता ऐक. शिमग्याच्या आधी ये. भटजींना तूच विचार, तुला त्यांच्याशी बोलता येतं. पळस कुठला घ्यायचा तो मी बघून ठेवलाय, तोडायला कोणालाही पाठवू. डोक्याच्या जागी नारळ लागतो, तो पोलादपुरातून आणते, चांगला शेंडीवाला. वाडीला मी सांगते. ज्यांनी माझ्या हातची साखर खाल्ली त्यांना माझ्याच तोंडून कळलं पायजे. जानकीबाई बोलेल काय बोलायचं ते, बोलू दे.

मुकुलना बरोबर आण. लांब उभे राहिले तरी चालेल, पण आण. पनवेलहून एवढा डोंगर चढून कोण येतो ते मला बघायचं हाय.

नि ओवीला घेऊन जा. ती ऐकणार नाय. रडेल, पाडीच्या गळ्यात पडेल, माझं जेवण नि माझी औषधं एकेक करून तुला मोजून दाखवेल. तू बधू नको. जायच्या दिवशी मी आनंदीबाईकडे जाऊन बसेन, तिथून रस्ता दिसत नाय. तिने ओ दिली हे मला म्हाईत हाय हे तिला म्हाईत हाय. पण मी काल परत जाऊन आले हे तिला ठाऊक नाय. ते तू सांग. तू आई हायस. नि तिचं चुकलं असं सांगू नको. माझ्या हाकेला ओ देणं हे काय दहा वर्षांच्या पोरीचं काम नाय, एवढंच सांग.

तिकडे पण खाडी हाय म्हणतात, पक्षी येतात म्हणतात. सुट्टीच्या दिवशी तिला न्या. दुर्बीण भाड्याने मिळते का ते मुकुलना विचार. नि आरडाओरडा करणारी म्हातारी बरोबर नेऊ नका, पक्षी उडतात.

शाळा सुटायची वेळ झाली. हे पत्र जानकीबाईच्या हाती देत नाय, स्वतः खाली जाऊन पेटीत टाकते. उत्तर लिहू नको. ये.

खाली नावाच्या आधी जे अक्षर घातलंय ते मी ह्या आधी कधी काढलं नव्हतं. एका लग्नपत्रिकेत बघून गिरवलंय. वाकडं असेल, पण तेच हाय.

कै. दत्तारामची आई,
प्रयागबाई