२१४ नंबरचं जांभूळ

६ ऑक्टोबर
सकाळी माळावर. सगळी झाडं बघून आलो, मोबाईलात नोंदी टाकल्या. सगळी जिवंत. २१४ पण जिवंत.
यंदा पावसानं पार धुऊन काढलं. ओढा दोनदा पुलावरून गेला, बाभळीसुद्धा टरारल्यात. २१४ ला एक कोंब नाही. काठी ती काठीच. फोटो शेजारच्या २१५ चा काढला. जागा चार पावलं इकडंतिकडं झाली तरी ॲप चालवून घेतंय. मे महिन्यापासून हेच चाललंय माझं.
एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी. बीड-पाटोदा, बीड-गेवराई, कुठं कुठं. अंगावर अफरातफरीची एक केस नाही. अन् आता रिटायर झाल्यावर विदाऊट तिकीट पॅसेंजर घेऊन हिंडतोय.
येताना सवयीनं बादलीभर पाणी घातलंच तिला.

९ ऑक्टोबर
सुलोचनाला जाऊन दोन वर्षं झाली आज. वंदना घेतली. एकट्यानं. खीर केली ती खाली लागली.
मिलिंदचा पुण्यावरून फोन. जेवलात का पप्पा, गोळी घेतली का, हेच. मग म्हणाला, "आईचं झाड कसंय?"
"बरंय."
"उंच झालं असेल न्हाई?"
"झालंय की."
फोन ठेवल्यावर लई वेळ तसाच बसलो. पोराशी खोटं बोलायचं वय आहे का हे माझं? तिची रक्षा त्या खड्ड्यात याच पोरानं स्वतःच्या हातानं टाकलीय. जांभूळ तिला आवडायचं म्हणून रोपही त्यानंच आणलं.

१३ ऑक्टोबर
मीराताईंचा फोन. झाडांचं हे सगळं काम त्यांच्या संस्थेचं. लई खुशीत होत्या. नोव्हेंबरात परदेशात हवामानाची मोठी परिषद आहे, सगळ्या देशांची. सरकारी लोक आत बसणार, अन् बाहेरच्या दालनात संस्था, कंपन्या, गावं यांना बोलायला देणार. ताईंना बारा मिनिटं मिळाली. बारा मिनिटांत आपलं गाव सांगणार.
"भास्करराव, रक्षेवरचं एकही झाड मेलेलं नाही, हे ऐकून तिकडचे लोक थक्क होतात."
मी "हो हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार.
एकही कसं मरेल? लिहितंय कोण? ज्या साली नदीत टिपूस नव्हता अन् रक्षा सोडायला पाणी मिळेना, त्या साली गावानं ठरवलं, रक्षा माळावर खड्ड्यात घालायची अन् वर झाड लावायचं. मसणवटे गावात दोन आहेत, माळ एक. तेव्हापासून सगळ्यांची रक्षा माळावरच. बाकीची झाडं मेली की मी मेली म्हणून टाकतो, त्यात काय. पण रक्षेवरचं झाड वाळलं की घरचे गपचूप दुसरं रोप आणून लावतात, नंबराची पाटी तीच. गयाबाईनं नवऱ्याचा कडुलिंब तीनदा लावला. मला म्हणाली होती, "भास्करभाऊ, माणूस एकदाच मेलं की. दुसऱ्यांदा कावून लिवता?" नाही लिहिलं.

१४ ऑक्टोबर
झोप नाही. डोक्यात एकच. तिकडं कुठली तरी विमानाची कंपनी या झाडांसाठी पैसे देते अन् म्हणते, आम्ही एवढा धूर सोडला, पण अमुक गावच्या झाडांनी एवढा ओढला, हिशेब बरोबर. कशावरून? तर मी म्हणतो म्हणून. सरकार यात कुठंच नाही, ग्रामपंचायतीचा एक ठराव सोडला तर. ताईंची संस्था, ती कंपनी, अन् मधी हा पेन्सिल कानाला लावून हिंडणारा कंडक्टर. जगाच्या हवेचं वेबिल, हिशेबाचा कागद, माझ्याकडं, अन् त्यात एक सीट खोटी.
एक कुठली. रक्षेवरची धरून किती तरी.

१७ ऑक्टोबर
लिंबागणेशला गेलतो, पाण्याची मोटार रिवायंडिंगला टाकली होती. रशीदभाईकडं. तीस वर्षांची ओळख, माझ्या गाडीला हात करून वाटेत चढायचा. त्याला बोलून गेलो सगळं. कुणाला तरी सांगायचंच होतं.
तो मोटारीवरून डोकं न काढता म्हणाला, "आमच्यात बी कबरीवर झाड लावतेत. वाळलं तर वाळलं. ते झाड हाय बे कंडक्टर, भाभी न्हाई त्यात."
मला असा राग आला! "तुझं तुझ्यापाशी ठेव" म्हणालो अन् तडक उठून आलो. मोटार तिथंच राहिली. आता दोन दिवस हापशावरून पाणी आणा.

२१ ऑक्टोबर
दिवाळी. मिलिंद येणार होता, सुट्टी नाही मिळाली. गयाबाईनं करंज्या दिल्या.
कपाट आवरताना शाल सापडली. पुण्याच्या शिबिरातली, "हवामान आणि गाव". मे महिन्यात आठ दिवस. शेवटच्या दिवशी स्टेजवर बोलावून सत्कार केला, वृक्षमित्र म्हणून. टाळ्या वाजल्या. मीही छाती काढून उभा.
अन् इकडं ते आठ दिवस ऊन असलं पडलं की तव्यावर पाय ठेवावा. बाकीच्या झाडांची पाळी मी लावून गेलतो. २१४ ची कुणालाच सांगितली नाही. माझ्या बायकोला पाणी मी घालणार, दुसऱ्यानं कावून घालायचं? हा माझा ताठा. आलो तर पानं हाताला लागून चुरा झाली.
मी मारलं तिला. लिहून टाकलं एकदाचं.
शाल परत घडी करून ठेवली.

२९ ऑक्टोबर
ताईंचा मेसेज. त्या परदेशी निघण्याआधी तपासणी होणार. बाहेरची तिसरीच संस्था, ना आपली ना कंपनीची. ४ तारखेला माणूस येतोय, फोनवर चिठ्ठ्या काढून कुठलीही पंधरा झाडं बघणार. "आपल्याला काय भीती?" असं लिहिलंय पुढं.
रोप आणावं का नवीन? अजून पाच-सहा दिवस आहेत. नर्सरीतून चांगलं पुरुषभर उंचीचं जांभूळ मिळतं. कुणाला कळणार नाही.
मला कळंल. गयाबाई लावू शकते, तिचं मन मोठं आहे. माझ्याच्यानं दुसरं लावून त्याला सुलू म्हणवत नाही.

४ नोव्हेंबर
चेकर आली. बाई निघाली, तिशीची, नागपूरकडची. डोक्याला टोपी, पायात जाड बूट, काम एकदम चोख. आमचे लाईन चेकिंगवाले आठवले. कुठल्याही फाट्यावर हात करून गाडीत शिरायचे.
पंधरा चिठ्ठ्या निघाल्या. प्रत्येक आकडा मी तिच्या खांद्यावरून वाचला. चौदावी २०९. पंधरावी ६३. २१४ नाही. रक्षेवरची तीन निघाली, तीनही ठीक. पाटी जुनी अन् झाड नवीन आहे हे काय तिला दिसणार?
"काका, सगळं छान आहे नं," म्हणाली. वही मिटली. गयाबाईनं चहा आणला होता, तो प्याली. गाडीत बसली. ड्रायव्हरनं सेल मारला.
एकतीस वर्षांत चेकर उतरून गेल्यावर मी कधी त्याला हाक मारून बोलावलं नाही. लागलंच नाही. आज कसं झालं माहीत नाही, पण मीच ओरडलो, "थांबा! एक राहिलंय."
नेलं २१४ पाशी. काठीला हात लावून दाखवला. मग बाकीचंही सांगून टाकलं. रक्षेची झाडं, तीच पाटी, दुसरं रोप. ती खालीच बसली मातीत.
"हे कोणाचं, काका?"
"मालकिणीचं माझ्या."
तिनं वही परत उघडली. मग म्हणाली, "मेलेलं झाड चालते, काका. त्याची सोय आहे नं यादीत. मेलेलं जिवंत म्हणून दाखवलेलं नाही चालत." आठ दिवस दिलेत. रक्षेवरची कुठली खरी, कुठली पुन्हा लावलेली, हे मीच नोंदवायचं. नोंद आली तरी गाव यादीत राहील असं वचन नाही. नाही आली तर गाव बाहेर, हे मात्र नक्की.

५ नोव्हेंबर
पारावर कुणी सरकून जागा दिली नाही. "चाललेली गाडी थांबवली शहाण्यानं." "आता मढी उकरून दाखव म्हणावं." ऐकू येईल असंच बोलतात.
गयाबाई घरी आली. उंबऱ्यातूनच बोलली. "माझ्या मालकाला परत मारायला निगालाव का भाऊ? तीनदा लावलंय मी. खांद्यावर घागरी न्हेल्यात."
"गयाबाई, झाड मेलं म्हणून लिहायचं, मालक नाही."
"मंग सोताचं लिवलाव का आदी?"
गेली. बरोबर बोलली, हे जास्त झोंबलं. अन् मी तिला सांगितलं ते तरी रशीदभाईचंच बोलणं.

८ नोव्हेंबर
ताईंचा मेसेज, तिकडून. चेकरबाईंनी त्यांना कळवलंय. "उद्या माझं बोलणं आहे. भास्करराव, मी काय सांगू?"
चार वेळा लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं, जे आहे ते सांगा, नाव माझं घ्या. दोन निळ्या खुणा आल्या.
तीन दिवस कुणाशी शब्द नाही. रेडिओ लावून ठेवतो, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून.

१० नोव्हेंबर
मिलिंदला फोन केला. आपणहून. "आईचं झाड वाळलं. मे मध्येच. मी खोटं बोललो तुझ्याशी."
तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही एकटेच होतात का सहा महिने हे घेऊन?"
रडलो. फोनवरच. लाज नाही वाटली.

११ नोव्हेंबर
उद्या मुदत संपते. सकाळी बादली भरली, माळावर गेलो. गयाबाई तिच्या कडुलिंबापाशी बसलेली. माझ्याकडं बघितलं नाही.
मोबाईल काढला. २१४. मृत. दाबल्यावर ॲप विचारतं, कारण? पाण्याअभावी. कीड. जनावरं. आग. इतर. पाण्याअभावी दाबणार होतो. नाही दाबलं. इतर दाबलं. तिथं लिहायला जागा असते. लिहिलं, मी गावात नव्हतो अन् कुणाला सांगून गेलो नाही.
गेलं. यादीत आता २१३ नंतर २१५.
रडू आलं नाही, काही नाही. बादली तशीच भरलेली हातात. कुठं ओतावी कळेना.
गयाबाई उठून आली. मोबाईल मागितला. तिला वाचता येत नाही, तरी बघितला. "लिवलं?"
"लिहिलं."
बादली माझ्या हातातून घेतली, नेऊन कडुलिंबाला ओतली, रिकामी परत आणून दिली.
"माझं आज न्हाई लिवायचं," म्हणाली. "उद्या सकाळी या. रातच्याला इचारून ठिवते."
कुणाला, ते मी विचारलं नाही. बाकीची घरंही उद्याच गाठायची. ताईंचं अजून उत्तर नाही. उद्या बादली घेऊनच जातो.